शिवी : शिळेवरची, शिवारातली आणि कारखान्यातली

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सौंदाळा या लहानशा गावाने ग्रामसभेत एक ठराव संमत केला. बोलताना आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास पाचशे रुपये दंड. वृत्तपत्रांतून ही वार्ता आली तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या आमच्या वसाहतींत ती काहीशा निराळ्या कुतूहलाने वाचली गेली. चिंचवड, आकुर्डी, भोसरी, निगडी, अलीकडे चाकण येथे स्थायिक झालेल्या आपल्या कॅथलिक कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव याच नगरच्या मातीत आहे. नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर ही नावे आपल्या लग्नपत्रिकांवर आजही असतात. त्यामुळे मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात काही दिवस हाच विषय चघळला गेला. कोणी हसले. कोणी म्हणाले, हा दंड आमच्या कंपनीत लावला तर पगार शिल्लक राहायचा नाही. एका ज्येष्ठ भगिनींनी मात्र विचारले, “दंड भरून घेणार कोण? आणि ज्या आईच्या नावाने शिवी दिली, तिला त्यातले काय मिळणार?”

हा प्रश्न आमच्या मनात राहिला, आणि त्याच्या मागे जाता जाता आम्ही थेट शिलाहारांच्या काळापर्यंत पोहोचलो.

ठाणे, मुंबई, रायगड या भागांत शेताच्या बांधावर वा देवळाच्या आवारात एक प्रकारचे उभे दगड सापडतात. त्यांना ‘गधेगाळ’ म्हणतात. ‘गाळ’ म्हणजे शिवी. संस्कृतातील ‘गालि’ तीच, आणि हिंदीतील ‘गाली’ तिची बहीण. अशा शिळेच्या माथ्यावर बहुधा सूर्य व चंद्र कोरलेले असतात, मधल्या भागात दानाचा लेख असतो आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे एक शिल्प. ते येथे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. अर्थ इतकाच, की चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावे आणि जो कोणी ते मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो. परळ येथे सापडलेला शिलाहार राजा अपरादित्य याचा ११८७ सालचा लेख या बाबतीत फार बोलका आहे. दानाचा मजकूर संस्कृतात आहे, शिवी मात्र मराठीत आहे. राजाचे औदार्य पंडितांनी वाचले तरी पुरे होते. धमकी गावकऱ्याला कळायला हवी होती. मराठी गद्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत अशी एक शिवी असावी याची भाषाभक्तांना लाज वाटो अथवा गंमत, वस्तुस्थिती ती आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही शिवी रागाच्या भरात कोणाच्या तोंडून निसटलेली नव्हे. ती शासनाने विचारपूर्वक, पाथरवटाला मजुरी देऊन कोरवून घेतलेली आहे. राजा मरेल, वंश बुडेल, उद्या दुसरा राजा येईल, त्याने दान हिरावून घेतले तर दाद कोणाकडे मागायची? त्या काळी यावर शापाखेरीज उपाय नव्हता. पवित्र बायबलही या जगाशी अपरिचित नाही. अनुवादाच्या पुस्तकातील सत्ताविसाव्या अध्यायात, शेजाऱ्याची शीव सरकवणाऱ्यावर सर्व लोकांसमक्ष शाप उच्चारला जातो व लोक त्यास ‘आमेन’ म्हणतात. जमिनीची राखण शब्दाने करण्याची ही रीत दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच, की तेथे शाप गुन्हेगाराच्या माथी बसतो; आपल्याकडे तो त्याच्या आईच्या माथी बसवला गेला. गुन्हा मुलाचा, शिक्षा माउलीला. साडेआठशे वर्षांनंतर चाकणच्या तळेगाव चौकात वाहतूक खोळंबते तेव्हा ट्रकच्या आणि दुचाकीच्या चालकांत जो संवाद होतो, त्याचे व्याकरण नेमके हेच आहे.

पुढे गधेगाळ कोरणे मागे पडले. मराठी राज्याच्या काळातील दानपत्रांत आणि महजरांत शपथा येतात : मोडता घालील त्या हिंदूस गाईची आण, मुसलमानास डुकराची आण. हा सौम्यपणा म्हणावा की निराळा कठोरपणा, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु कागदावरून निदान आई सुटली. तोंडातून मात्र ती सुटली नाही. शाप आणि शिवी यांची वाट येथे वेगळी झाली असे आम्हांस वाटते. शापाला देव लागतो. शिवीला समोर माणूस असला की पुरे. कोर्टकचेऱ्या आणि पोलीस आल्यावर शापाचे काम संपले. शिवी बेकार झाली तरी मेली नाही. ती रस्त्यावर हिंडू लागली.

आपल्या या औद्योगिक पट्ट्याच्या मधोमध इंद्रायणी वाहते आणि तिच्या काठी देहू व आळंदी आहेत. इकडच्या माणसाने शिवीवर बोलावे आणि तुकोबांना वगळावे हे शक्य नाही. १६५० मध्ये इहलोक सोडून गेलेल्या या संतकवीच्या गाथेत भर सभेत वाचताना आज संकोच वाटावा असे शब्द आहेत. इंग्रज सरकारच्या आर्थिक साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात छापून निघाली आणि तुकोबांचा शब्द छापील पानावरून घरोघर गेला. शिकलेल्या वर्गाची तेव्हा मोठी पंचाईत झाली असली पाहिजे. तुकोबांनी हे शब्द कोणावर टाकले हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. दांभिक, धर्माच्या नावावर पोट भरणारे, वरून सोवळे आणि आतून ओवळे असणारे, यांच्यावर. दुबळ्यावर त्यांनी शब्द उगारलेला नाही. आपल्याला येथे प्रभू येशूची आठवण होते. बंधूला हिणवून ‘मूर्ख’ म्हणणाऱ्यास तो न्यायाचे भय दाखवतो, आणि तोच प्रभू शास्त्री-परुश्यांना चुना फासलेल्या कबरी म्हणतो. मत्तयच्या एकाच शुभवर्तमानात हे दोन्ही आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा चलाख मुलगा यावर बोट ठेवतो तेव्हा शिक्षकांनी त्याला गप्प बसवू नये, इतकेच आमचे सांगणे. कोण कोणाला बोलत आहे, हे पाहायला त्याला शिकवावे.

गावगाड्यात शिवीला एक सुटीचा दिवसही होता. शिमग्यात बोंब मारायची आणि वर्षाची वाफ काढून टाकायची, ही रीत आपणांस ठाऊक आहेच. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करीत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. यास ‘बोरीचा बार’ म्हणतात. पाहायला दुरून माणसे येतात. वर्षभर ज्या स्त्रीच्या नावाने पुरुष शिव्या देतात, तिला वर्षातून एक दिवस स्वतः तोंड उघडण्याची मुभा. आम्हांस हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात अपशब्दाचा विचार वेगळ्या वाटेने झाला. तेथे मुख्य चिंता परमेश्वराच्या नावाची होती. दुसरी आज्ञा तिच्यासाठीच आहे. १२७४ मध्ये लियों येथील महासभेनंतर पोप दहावे ग्रेगरी यांनी डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरूंवर येशूच्या पवित्र नावाच्या भक्तीचा प्रचार सोपवला. पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादानंतर आपण जी छोटी छोटी स्तुतिवचने एकामागून एक म्हणतो, त्यांचा उगमही शिवीगाळीतच आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? लुईजी फेलिची या येशूसंघीय धर्मगुरूंनी १७९७ मध्ये ती रचली, ती लोकांच्या तोंडच्या ईशनिंदेची आणि अभद्र भाषेची भरपाई म्हणून. जितक्या वेळा नाव विटाळले, तितक्या वेळा ते धन्य म्हणायचे. दंडाच्या पावतीपेक्षा ही कल्पना आम्हांस अधिक मानवते.

मराठी माणसाला ही दुसरी आज्ञा तशी सोपी जाते. युरोपात माणूस संतापला की त्याच्या तोंडी देवाचे नाव येते. आपल्याकडे आई येते. देवावरून शिवी देणारा मराठी माणूस शोधावा लागेल. त्यामुळे परदेशी मिशनऱ्यांच्या प्रश्नावलीवरून विवेकपरीक्षण करणारा आपला मनुष्य दुसऱ्या आज्ञेपाशी निर्धास्त असे आणि चौथ्या आज्ञेपाशी आपल्या आईवडिलांचा मान राखल्याचे समाधान मानी. दुसऱ्याच्या आईचा मान कोणत्या आज्ञेखाली येतो, हे त्याला कोणी विचारीत नसे.

आता कारखान्याकडे वळू. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. १९६० नंतर आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ यांनी माळरानाचे रूप पालटले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि पुढील दहा-बारा वर्षांत तेथे मोटारींच्या कंपन्या एकापाठोपाठ एक आल्या. नगर, बीड, लातूर, सोलापूर, खानदेश, मग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा. निरनिराळ्या बोलींची माणसे एका पाळीत, एका यंत्रापाशी उभी राहिली. परस्परांच्या भाषेतील पहिले कोणते शब्द ती शिकली असतील, हे सांगायला नको. शिवी कारखान्याची संपर्कभाषा झाली. ज्याला आपण शिवी देऊ शकतो आणि जो उलट हसून देतो, तो दोस्त. जो देत नाही, तो एक तर साहेब किंवा नवखा.

हे सारे पुरुषांचे जग होते. १९७४च्या सुमारास टेल्कोने पुण्यासाठी अभियंत्यांची जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे म्हटले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला आणि त्यांना नोकरी मिळाली, ही कथा प्रसिद्धच आहे. अमुक जागी स्त्रिया नसतातच, या गृहीतावर अनेक वर्षे पुष्कळ काही बोलले गेले. आज पिंपरी आणि चाकणच्या जोडणी विभागांत शेकडो तरुणी काम करतात, त्यांत आपल्या धर्मग्रामांतील मुलीही आहेत. २०१३च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी लैंगिक स्वरूपाचे नकोसे शाब्दिक वर्तन हाही छळ ठरवला. आमच्या ओळखीच्या एका मुलीने सांगितले, की ती लाईनवर आली की पुरुष एकमेकांना “अरे, मॅडम आहेत” म्हणून दटावतात, आणि ती कॅन्टीनकडे वळली की मागे राहिलेले वाक्य पूर्ण होते. ती हे हसून सांगत होती. तिची आई हसली नाही.

शिवीची शिक्षा काय असावी, यावर न्यायालयांचे मतही स्थिर राहिलेले नाही. १९४६च्या कायद्याने कारखान्यांस जे स्थायी आदेश आले, त्यांनुसार कामाच्या जागी असभ्य वर्तन हा गैरवर्तनाचा प्रकार होता. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका कामगाराच्या प्रकरणात, केवळ अनुचित भाषेसाठी बडतर्फी ही फार मोठी शिक्षा आहे, असे मानून वेतनवाढी रोखण्यावर भागवले. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वरिष्ठाला गलिच्छ शिव्या देणाऱ्या कामगाराची बडतर्फी कायम केली. मधल्या तेवीस वर्षांत शिव्या बदलल्या नव्हत्या. बदलली होती ती कामगाराची किंमत. आणखी एक गोष्ट आम्ही पाहत आलो : कामगाराने साहेबाला शिवी दिली की चौकशी बसते, फोरमनने हेल्परला दिली की ते ‘काम करवून घेणे’ असते. आमच्यापैकी एकाने तरुणपणी, कंत्राटी असताना, आठ महिने आपले नाव ऐकले नव्हते. त्याला एका शिवीनेच हाक मारीत. ती कंपनी आता नाही. ती हाक मात्र त्याला साठीत ऐकू येते.

रस्त्यावरच्या शिवीसाठी १८६० पासून भारतीय दंड संहितेत कलमे होती. सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारून इतरांस उपद्रव देणे, शांतताभंग व्हावा म्हणून हेतुपुरस्सर अपमान करणे, हे गुन्हे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, आशय बहुतांशी तोच राहिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रमालिकेच्या खटल्यात सांगितले, की शिवराळ भाषा असभ्य असेल, पण तेवढ्याने ती कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरत नाही. साहित्यात हा वाद आपल्याकडे जुनाच. १९७२ मध्ये तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले, काही प्रयोगांनंतर थांबवले गेले आणि उच्च न्यायालयात जाऊन सुटले. त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या शब्दांचे दगड पडले, त्यांनी ते उचलून परत फेकले. सुशिक्षितांना तेव्हाच प्रथम कळले, की दगड लागतो.

आणि हाच आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा दुखरा भाग आहे. मराठीत अपमान करायला शिवीच लागते असे नाही. २०१६ मध्ये पिंपरी-चिंचवडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्यापूर्वी अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांनी पंतप्रधानांचा एकेरी उल्लेख केला म्हणून केवढे वादळ उठले होते! एका ‘तो’वरून. आपल्या पूर्वजांना गावात याहून निराळे काही कधी ऐकायला मिळाले नव्हते. वेशीबाहेरच्या माणसाला केस पांढरे झाले तरी पोरसवदा मुलगा ‘अरे’ म्हणे. नगरच्या गावांतून मिशनच्या शाळा निघाल्या, बाप्तिस्मे झाले, पेत्रस, योहान, मार्था अशी नवी नावे मिळाली. गावाने त्यांचेही ‘पेत्र्या’ आणि ‘योहान्या’ केले. आणि सर्वांत वाईट शिवी कोणती? आईवरची नव्हे. जात हीच शिवी. केवळ जातीचे नाव विशिष्ट स्वरात उच्चारले की काम होई.

या शिवीविरुद्ध संसदेने १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. चारचौघांत अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर पाणउतारा करणे हा त्यान्वये गुन्हा आहे, आणि २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीत जातिवाचक शिवीगाळीचा स्पष्ट उल्लेख आला. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींत हिंदूंचीच गणना होई. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आलेले नाहीत. त्यामुळे गावच्या पारावर तीच शिवी, त्याच जातीच्या नावाने, तोच मनुष्य, दोन चुलतभावांना देतो तेव्हा एकासाठी हा विशेष कायदा धावून येतो. दुसरा चर्चला जातो म्हणून त्याला सामान्य अपमानाच्या कलमावर भागवावे लागते. शिवी देणाऱ्याने बाप्तिस्म्याचा दाखला मागितलेला नसतो. या प्रश्नासाठी केंद्राने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

आपल्यातही सारे धुतल्या तांदळासारखे नाही. शहरात आल्यावर, चांगली नोकरी लागल्यावर, आपणही लिफ्टमनला, झाडूवाल्या बाईला, परप्रांतीय कंत्राटी मुलाला काय म्हणतो ते ऐकावे. ‘भैय्या’ या शब्दाचा अर्थ भाऊ आहे. ज्या स्वरात तो निगडीच्या बसथांब्यावर ऐकू येतो, त्या स्वरात आमच्या आजोबांनी स्वतःची जात ऐकली होती.

सौंदाळ्याच्या ठरावाची कारणे सांगताना तेथील सरपंच म्हणाले होते, की आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला याचा विसर पडतो, की त्याच्या घरीही आईबहीण आहे. गधेगाळ कोरवणाऱ्या राजाला हे कोणी सांगितले नसावे. दंड किती जमला, याची आम्ही चौकशी केली नाही. पण ज्या तालुक्यातून आपली माणसे तोंड मिटून बाहेर पडली, तेथे भर ग्रामसभेत हा विषय निघाला, हे त्या ज्येष्ठ भगिनींनाही कौतुकाचे वाटले. त्यांचा प्रश्न मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही.

त्यांच्या सासूबाई त्याच बाजूच्या. कामगार वसाहतीत तीस वर्षे राहिल्या. त्यांच्या तोंडी ‘मेल्या’ आणि ‘मुडद्या’ याखेरीज दुसरी शिवी कोणी ऐकली नाही, आणि तीही बहुधा नातवांच्या वाट्याची. प्रायश्चित्तकाळ लागला की भस्माच्या बुधवारपासून त्या ही दोन्ही वर्ज्य करीत. हाक मारताना “अरे माझ्या...” येथवर येऊन थांबत आणि ओठ आवळून घेत. चाळीस दिवस नातवंडे त्यांना मुद्दाम छळीत. पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्साहून परत येताना जिन्यात पहिला ‘मेल्या’ कोणाला मिळतो, यावर पोरांत पैजा लागत.